किल्ली मोबाइलमध्ये, झेरॉक्स काउंटरवर

हॉटेलच्या काउंटरवर आपली पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. त्यात किल्ली हातात पडायला लागतात ते जेमतेम काही सेकंद. बाकीचा सगळा वेळ कागदांचा. कुठून आलात, पुढे कुठे जाणार, काय कामासाठी आलात, गाडीचा नंबर काय, सोबत कोण कोण. मग एकेकाचं आधार कार्ड, त्याची झेरॉक्स, डिपॉझिट किंवा क्रेडिट कार्डवर अडकवून ठेवलेली रक्कम आणि शेवटी रजिस्टरमध्ये सही. एवढं उरकल्यावरही ‘रूम क्लीन होतेय सर, दहा मिनिटं बसा’ हे ऐकायची तयारी ठेवावीच लागते. त्यामुळे ‘फोनवरूनच चेक-इन करा, थेट खोलीत जा’ अशी जाहिरात दिसली की ही मंडळी यातलं नेमकं काय वाचवून देणार आहेत, हा प्रश्न आधी विचारावा.

या जाहिरातीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. एक, काउंटरवरचा फॉर्म आणि ओळखपत्र घरबसल्या फोनवरून आधीच भरून पाठवणं. दुसरी, फोननंच खोलीचं कुलूप उघडणं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मिळते ती पहिली. दुसरी अजून मोठ्या साखळ्यांच्या काही हॉटेलांपुरती आहे. चर्चा मात्र दुसरीचीच जास्त होते, कारण दार फोननं उघडताना पाहायला मजा येते.

ही मजा जिथून सुरू झाली ती घटना अजिबात मजेची नव्हती. १९७४ मध्ये कॉनी फ्रान्सिस या अमेरिकी गायिकेवर न्यूयॉर्क राज्यातल्या एका मोटेलच्या खोलीत अत्याचार झाला. खोलीच्या सुरक्षेत हलगर्जी केल्याबद्दल तिनं मोटेलवाल्यांना कोर्टात खेचलं आणि मोठी भरपाई मिळवली. नॉर्वेतल्या एका कुलूप कारखान्यात काम करणाऱ्या टोर सोर्नेस यांनी त्याच सुमारास दर पाहुण्यागणिक बदलता येईल असं कुलूप तयार केलं. किल्ली म्हणजे भोकं पाडलेलं प्लॅस्टिकचं कार्ड. बत्तीस जागी भोक असेल किंवा नसेल, एवढ्यावर चारशे कोटींहून जास्त वेगवेगळ्या किल्ल्या तयार होत होत्या. आधीच्या पाहुण्यानं पितळी किल्ली खिशात घालून नेली, तिची नक्कल केली, तर पुढच्या पाहुण्याचं काय, या प्रश्नाचं ते उत्तर होतं. पुढे भोकांच्या जागी चुंबकीय पट्टी आली, मग चिप आली. नोव्हेंबर २०१४ मध्ये स्टारवूड समूहानं आपल्या दहा हॉटेलांत कार्डाऐवजी फोन चालवून दाखवला. हिल्टननं पुढच्याच वर्षी तशी सोय सुरू केली. डिसेंबर २०२१ मध्ये हयातच्या अमेरिकेतल्या सहा हॉटेलांची किल्ली आयफोनच्या वॉलेटमध्ये जाऊन बसली.

हे चालतं कसं? अनेकांची समजूत असते की दाराचं कुलूप इंटरनेटला जोडलेलं असतं आणि रिसेप्शनवरून कुणी तरी बटण दाबतं. सहसा तसं नसतं. कुलूप बॅटरीच्या सेलवर चालतं आणि त्याला बाहेरच्या जगाची फारशी खबर नसते. त्याला माहीत असतात ती आपल्या खोलीची गुप्त खूण आणि घड्याळातली वेळ. तुम्ही फोनवर चेक-इन पूर्ण केलंत आणि हॉटेलनं खोली नेमून दिली, की हॉटेलची यंत्रणा तुमच्या ॲपमध्ये एक सांकेतिक किल्ली पाठवते. अमुक खोली, अमुक तारखेपासून अमुक तारखेच्या दुपारपर्यंत, असा मजकूर त्यात कुलूपबंद असतो. दाराशी गेल्यावर फोन ब्लूटूथ किंवा एनएफसीनं तो कुलपाला दाखवतो. कुलूप खूण जुळवतं, मुदत बघतं आणि उघडतं. म्हणजे इंटरनेट लागतं ते मुख्यतः किल्ली फोनवर उतरवून घेताना. ताम्हिणी घाटातल्या किंवा कोकणातल्या एखाद्या आडबाजूच्या रिसॉर्टवर हे मिळालंच, तर रेंज असलेल्या शेवटच्या गावातच किल्ली उतरवून घेतलेली बरी.

याचा खरा फायदा पहिल्या दिवशी कळत नाही, मुक्काम वाढवला की कळतो. कार्ड असेल तर ते घेऊन पुन्हा काउंटरवर जावं लागतं. फोनमधल्या किल्लीची तारीख बसल्या जागी बदलते. खोली बदलून दिली तरी तसंच. कार्ड खोलीत विसरून दार ओढून घेण्याचा प्रकारही कमी होतो, कारण माणूस बाकी सगळं विसरेल, फोन विसरणार नाही.

पण आपला प्रवास एकट्यादुकट्याचा नसतो. नवरा-बायको, दोन मुलं, आजी, सोबत मावशी. बुकिंग एकाच्या फोनवर. तो फोनवाला खाली चहाला गेला की बाकीचे कॉरिडॉरमध्ये उभे. काही ॲप किल्ली घरच्या इतरांनाही पाठवू देतात, हिल्टनची चार जणांपर्यंत देता येते. पण त्या प्रत्येकाच्या फोनवर ते ॲप हवं, त्यात नाव नोंदवलेलं हवं. आजींच्या फोनवर हे कोण करणार? शिवाय दिवसभर फोटो काढून, नकाशा बघून संध्याकाळी फोनची बॅटरी संपलेली असते. ॲपलच्या काही फोनांत चार्जिंग संपल्यावरही वॉलेटमधली किल्ली पाच तासांपर्यंत चालू शकते. इतर अनेक फोनांत ॲप उघडल्याशिवाय दार उघडत नाही, आणि बंद फोनात ॲप कुठून उघडणार. तेव्हा फोनची किल्ली घ्या, पण सोबत एक साधं कार्ड मागूनच घ्या.

सुरक्षेचं काय? कुलूपवाल्या कंपन्या सांगतात तितकं हे प्रकरण अभेद्य नाही. २०१२ मध्ये कोडी ब्रोशियस या तरुणानं पन्नास डॉलरहून कमी खर्चाचं एक उपकरण बनवून जगभर लाखो खोल्यांना बसवलेलं एका कंपनीचं कुलूप उघडून दाखवलं. कुलपाच्या तळाशी असलेल्या छोट्या छिद्रात ते खोचायचं, बस. मार्च २०२४ मध्ये संशोधकांच्या एका गटानं सॅफ्लॉक नावाच्या कुलपांतली फट जाहीर केली. त्या हॉटेलचं कुठलंही एक कार्ड, मुदत संपलेलंसुद्धा, हाती लागलं तर त्यावरून तिथलं कुठलंही दार उघडणारी कार्डांची जोडी बनवता येत होती. अशी कुलपं १३१ देशांत तीस लाखांहून जास्त दारांवर होती. संशोधकांनी कंपनीला दीड वर्ष आधी कळवलं होतं. तरीही फट जाहीर झाली त्या दिवशी जेमतेम एकतृतीयांश कुलपं दुरुस्त झाली होती. याला कारण अगदी साधं आहे. फोन रात्रीतून स्वतःला अपडेट करतो. कुलपाला मात्र माणूस लागतो, तोही दारोदार फिरणारा.

ऑस्ट्रियातल्या आल्प्समधल्या एका हॉटेलची गोष्ट आणखी बोलकी आहे. खंडणीखोर हॅकरांनी त्याची संगणक यंत्रणा बंद पाडली. पाहुणे खोल्यांत कोंडले गेल्याच्या बातम्या जानेवारी २०१७ मध्ये जगभर छापून आल्या. त्या खोट्या होत्या. झालं होतं ते एवढंच की नव्या पाहुण्यांसाठी किल्लीची कार्डं तयार होत नव्हती. हॉटेलनं सुमारे दीड हजार युरो बिटकॉइनमध्ये मोजले आणि पुढच्या नूतनीकरणात पुन्हा जुन्या पद्धतीच्या किल्ल्या बसवायचा विचार बोलून दाखवला. तेव्हा रात्री आतून कडी लावायला विसरू नका एवढं सांगून हा विषय मी सोडून देतो. दाराच्या कुलपापेक्षा मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची.

ती गोष्ट म्हणजे काउंटरवरचा कागद. फोनवरून चेक-इन करा म्हणून लिंक येते, आपण त्यावर आधारचा फोटो चढवतो, सेल्फी काढतो आणि हॉटेलात पोचल्यावर काउंटरवरचा मुलगा नम्रपणे म्हणतो, ‘सर, आधारची एक झेरॉक्स लागेल.’ त्याचा दोष नाही. उतरलेल्या माणसाची नोंद ठेवणं ही हॉटेलवाल्याची जबाबदारी फार जुनी आहे. १८६७ च्या सराई कायद्यातच उतरलेल्या प्रवाशांचा अहवाल मागण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्याला दिला होता. २६/११ नंतर मुंबईत आणि बाकी राज्यातही पोलिसांची तपासणी कडक झाली. परदेशी पाहुण्याची माहिती तर चोवीस तासांच्या आत सरकारी यंत्रणेला कळवावी लागते. हॉटेलवाले त्याला ‘सी फॉर्म’ म्हणत आले आहेत. परदेशात राहणाऱ्या भाच्याला घेऊन गणपतीपुळ्याला गेलात आणि त्याचा पासपोर्ट अमेरिकेचा निघाला, तर काउंटरवर जास्त वेळ लागतो तो यामुळे. पोलीस रजिस्टर बघायला आले तर दाखवायला कागद हवा, या धास्तीनं मालक झेरॉक्सचा आग्रह धरतो.

गंमत म्हणजे काउंटरवर स्पर्श टाळा, असं महाराष्ट्रात सरकारनंच एकदा सांगितलं होतं. टाळेबंदीनंतर ८ जुलै २०२० पासून राज्यातली हॉटेलं आणि लॉज ३३ टक्के क्षमतेनं उघडायला परवानगी मिळाली, तेव्हाच्या नियमावलीत क्यूआर कोड, ऑनलाइन फॉर्म आणि डिजिटल पेमेंट वापरा, असं लिहिलं होतं. क्यूआर कोडचे स्टँड काउंटरवर आले. पेमेंटचा टिकला, फॉर्मचा बऱ्याच ठिकाणी धूळ खात पडला आणि झेरॉक्स मशीन पुन्हा घरघरू लागलं.

त्या झेरॉक्सचं पुढे काय होतं, हा प्रश्न मे २०२२ मध्ये एकदा ऐरणीवर आला होता. आधार प्राधिकरणाच्या बंगळूरू कार्यालयानं पत्रक काढलं की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, हॉटेल किंवा चित्रपटगृहासारख्या विनापरवाना खासगी संस्थांना ती घ्यायचा आणि ठेवायचा अधिकार नाही. देशभर खळबळ उडाली. पत्रकाचा चुकीचा अर्थ काढला जाऊ शकतो असं सांगून दोनच दिवसांत ते मागे घेण्यात आलं. हॉटेलांनी काय करायचं हे गुलदस्त्यातच राहिलं आणि फायली वाढत गेल्या. विमानतळावर डिजियात्रा वापरणाऱ्या प्रवाशाची माहिती विमान सुटल्यावर चोवीस तासांत पुसली जाते, असं ती यंत्रणा सांगते. लॉजच्या काउंटरमागच्या फडताळातली आपली झेरॉक्स किती वर्षं राहणार, हे मात्र लॉजच्या मालकालाही सांगता येणार नाही.

यावर तोडगा आहे आणि तो फोनमध्येच आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव यांनी नवं आधार ॲप दाखवलं, तेव्हा हॉटेलात किंवा प्रवासात झेरॉक्स द्यावी लागणार नाही, हाच त्याचा मुख्य गुण म्हणून सांगितला. हॉटेलचा क्यूआर कोड स्कॅन करायचा, चेहऱ्यानं स्वतःची खात्री पटवायची आणि लागेल तेवढीच माहिती द्यायची. नाव आणि फोटो पुरत असेल तर पत्ता, जन्मतारीख, आधार क्रमांक कशाला? माझ्या मते फोननं दार उघडण्यापेक्षा हा बदल कितीतरी मोठा आहे. मात्र त्यासाठी हॉटेलांनी यंत्रणा बसवायला हवी आणि पोलिसांनीही ‘झेरॉक्स कुठंय?’ विचारणं थांबवायला हवं. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती नीट न सांभाळणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला दीड वर्षाची मुदत मिळाली. चाळीस खोल्यांच्या लॉजवाल्यानं निदान जुन्या फायली फाडायला आतापासून सुरुवात करावी.

युरोपातही याचं उत्तर एक नाही. जर्मनीनं १ जानेवारी २०२५ पासून आपल्या नागरिकांसाठी हॉटेलातला नोंदणी फॉर्मच रद्द केला; परदेशी पाहुण्याला तो अजून भरावा लागतो. इटलीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये उलट दिशा धरली. दाराबाहेरच्या पेटीत किल्ली ठेवून पाहुण्याला न बघता घर देणं चालणार नाही, माणूस आणि ओळखपत्र पडताळून बघा, असा आदेश तिथल्या गृह मंत्रालयानं काढला आणि प्रकरण कोर्टात गेलं. रोमला किंवा फ्लॉरेन्सला घर बुक केलेल्या मराठी पर्यटकांनी यजमान व्हिडिओ कॉलवर चेहरा बघायला मागतो म्हणून बिचकू नये.

बिचकायला हवं ते वेगळ्याच ठिकाणी. चेक-इन फोनवर आल्यापासून ठकांची सोय झाली आहे. ‘तुमचं बुकिंग रद्द होतंय, कार्डाची पुन्हा खात्री करा’ असा मेसेज येतो, त्यात तुमचं नाव, तारखा, हॉटेल सगळं बरोबर असतं. कारण हॉटेलचं बुकिंग खातंच आधी चोरलेलं असतं. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे केंद्रानं तीर्थयात्रेच्या नावावर काढलेल्या बनावट बुकिंग संकेतस्थळांबद्दल इशारा दिला होता, त्यात यात्रेकरूंसाठीच्या हॉटेलांची आणि गेस्ट हाउसांची बुकिंगही होती. चेक-इनच्या लिंकवर पैसे किंवा ओटीपी मागितला तर तिथंच थांबा आणि हॉटेलला फोन लावा. तोही मेसेजमधल्या नंबरवर नको, बुकिंग करताना मिळालेल्या नंबरवर लावा. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच तक्रार नोंदवा.

आणि सुट्टीवर निघण्याआधी एक काम करून ठेवा. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मास्क्ड आधार उतरवून घ्या. त्यात क्रमांकाचे शेवटचे चारच आकडे दिसतात. लिंकवर तेच चढवा, काउंटरवरही तेच द्या. नकार मिळाला तर ड्रायव्हिंग लायसन्स किंवा मतदार ओळखपत्र पुढे करा. हॉटेलच्या रजिस्टरला त्यावरचं नाव आणि पत्ता पुरतो.