वजनकाट्याला न दिसणारी चरबी

चिखलदऱ्याच्या अंगणवाडीत सेविका लेकराच्या डाव्या दंडाला पट्टी गुंडाळते. घेर 11.5 सेंटीमीटरहून कमी भरला की खूण लाल रंगावर येते: तीव्र कुपोषण. मेळघाटात ही पट्टी जीव वाचवते, पण लठ्ठपणा ओळखणं हे तिचं काम नव्हे.

त्यासाठी पाच वर्षांपुढे बीएमआय काढतात: किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. मोठ्यांसारखा एकच आकडा मुलांना लावता येत नाही. वय आणि मुलगा की मुलगी हे पाहून तक्त्याशी ताडावं लागतं. तरीही स्नायू किती, चरबी किती, हे बीएमआय सांगत नाहीच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 2003 मध्ये हे नेमकं दाखवलं. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आपल्या बाळांचे स्नायू रोडावलेले, पण खांद्याच्या फऱ्याखालची चरबी त्या मानाने टिकून होती. हडकुळं दिसणारं मूलही आतून चरबी बाळगू शकतं!

म्हणून कमरेचा घेर मला मोलाचा वाटतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, मुलाला श्वास सोडू द्या, मग मोजा. शाळकरी मुलाची कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरली, तर डॉक्टरांना जरूर दाखवा.