दगडी कोळसा कोण बांधून ठेवतो?
दगडी कोळसा म्हणजे रासायनिक बंधांनी पक्के जखडलेले एकच अवाढव्य जाळे, अशी समजूत संशोधकांमध्येही दीर्घकाळ होती. जपानमधल्या सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात मासाशी ईनो आणि सहकाऱ्यांनी केलेल्या व १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांमुळे ती डळमळली. कार्बन डायसल्फाइडमध्ये कोळसा जेमतेम विरघळतो. कार्बन डायसल्फाइड एनएमपी या द्रावकात समप्रमाणात मिसळल्यावर मात्र, नुसत्या खोलीच्या तापमानाला, अनेक बिट्युमिनस कोळशांचा राख वगळता ३० ते ६६ टक्के भाग द्रावणात उतरला. एनएमपीचे ध्रुवीय रेणू एकमेकांना धरून असतात. कार्बन डायसल्फाइड ती पकड सैल करतो, मिश्रण पातळ होते आणि कोळशात खोलवर शिरते, असे याचे एक स्पष्टीकरण आहे.

द्रावकाने कोळशाचे बंधच तोडले असतील, ही शंका रास्त आहे. पण कार्बन-कार्बन बंध एवढ्या सौम्य परिस्थितीत सहसा तुटत नाहीत. विरघळलेला भाग आणि उरलेला गाळ यांच्या घटकांची बेरीज मूळ कोळशाशी जवळपास जुळते, हेही रासायनिक बदलाच्या विरोधात जाते. त्याहून बोलका पुरावा अमेरिकेतल्या अपर फ्रीपोर्ट कोळशाचा. त्याचा सुमारे ६० टक्के भाग या मिश्रणात विरघळत होता. टेट्रासायनोएथिलीन हे रेणूंमधली आकर्षणे सैल करणारे संयुग किंचित घालताच हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या घरात गेले. म्हणजे बिट्युमिनस कोळशाचा मोठा हिस्सा रेणूंमधल्या दुबळ्या आकर्षणांनीच एकत्र राहतो, असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

हा निष्कर्ष सगळ्याच कोळशांना लावता येणार नाही, हा आक्षेप मात्र मान्य करावाच लागतो. कार्बन ८५ टक्क्यांच्या आसपास असलेल्या मध्यम पक्व कोळशांतून सर्वाधिक अंश मिळतो. दोन्ही टोकांकडे तो झपाट्याने घसरतो. कोवळ्या लिग्नाइटमध्ये ऑक्सिजनयुक्त गट भरपूर असतात. त्यांचे हायड्रोजन बंध आणि कॅल्शियमसारख्या धातूंचे पूल रेणूंना धरून ठेवतात. अँथ्रासाइटमध्ये कार्बनच्या कड्यांचे रुंद पापुद्रे एकावर एक इतके घट्ट बसलेले असतात की द्रावकाला वाटच मिळत नाही.

कोळशातले खनिज विरघळत नसल्याने या मार्गाने जवळजवळ राखविरहित इंधन मिळू शकते. मात्र कार्बन डायसल्फाइड विषारी आणि अत्यंत ज्वालाग्राही असल्यामुळे कारखान्यात तो टनांनी वापरणे धोक्याचे ठरेल. जपानमधल्या पुढच्या प्रयत्नांत म्हणूनच सुमारे ३६० अंश सेल्सिअसला मिथाइलनॅफ्थलीनसारखे द्रावक वापरले गेले.