नैसर्गिक व मानवनिर्मित परिसंस्था : लोणार आणि नांदूर-मध्यमेश्वर यांचा तुलनात्मक विचार

प्रस्तावना :
सजीव आणि त्यांचे निर्जीव पर्यावरण यांच्या परस्परसंबंधांतून निर्माण होणाऱ्या व्यवस्थेस परिसंस्था असे म्हणतात. ही संज्ञा ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ ए. जी. टान्सले यांनी १९३५ मध्ये मांडली. वन, सरोवर व सागर या नैसर्गिक, तर शेत, बाग व जलाशय या मानवनिर्मित परिसंस्था, अशी विभागणी पाठ्यपुस्तकांत आढळते. ती कितपत पुरेशी आहे, हे महाराष्ट्रातील दोन पाणथळ जागांच्या आधारे तपासता येते. या दोन्ही जागांचा रामसर यादीतील समावेश २०२० मध्ये जाहीर झाला.

भेदाचे तत्त्व :
नैसर्गिक परिसंस्था सूर्याच्या ऊर्जेवर चालते. विघटक जीव मृत अवशेषांतील पोषकद्रव्ये पुन्हा मातीत वा पाण्यात मिसळतात आणि चक्र पूर्ण होते. उसाच्या शेतात मात्र हे चक्र खंडित असते. पिकाबरोबर पोषकद्रव्ये शेताबाहेर जातात. त्यामुळे खत, पाणी व इंधन बाहेरून पुरवावे लागते. तण काढल्याने जैवविविधताही मर्यादित राहते. मानवाने हात काढून घेताच अशी परिसंस्था आपले स्वरूप गमावते.

लोणार सरोवर :
बुलढाणा जिल्ह्यातील हे सरोवर बेसॉल्ट खडकात उल्कापाताने निर्माण झालेल्या विवरात आहे. बाहेर पडण्यास वाट नसल्याने पाण्याचे केवळ बाष्पीभवन होते व क्षार साठत जातात. पाण्याचा सामू दीर्घकाळ १० च्या आसपास नोंदला गेला आहे. सामान्य माशांना प्रतिकूल अशा या पाण्यात नीलहरित शैवाल व क्षारप्रिय सूक्ष्मजीव यांचे प्राबल्य असते. जून २०२० मध्ये पाणी घटून क्षारता वाढली, तेव्हा अशाच सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे सरोवर गुलाबी झाले. येथे पाण्याचे रसायन हाच नियामक घटक आहे. म्हणूनच वस्तीचे सांडपाणी सरोवरात मिसळल्यास केवळ अस्वच्छता होत नाही, तर परिसंस्थेचा आधारच बदलतो.

नांदूर-मध्यमेश्वर :
नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ सिंचनासाठी बंधारा बांधण्यात आला. साठत गेलेल्या गाळातून उथळ पाणी, बेटे व दलदल तयार झाली आणि दोनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांना आश्रय मिळाला. सिंचनाच्या दृष्टीने दोष ठरणारा गाळ पक्ष्यांना वरदान ठरला. अन्नसाखळी नैसर्गिक असली, तरी पाण्याची पातळी धरणांतून सुटणाऱ्या आवर्तनांवर अवलंबून असते. शेतांतून येणाऱ्या खतांच्या अंशांमुळे जलपर्णीसारख्या वनस्पती फोफावतात.

निष्कर्ष :
केवळ उत्पत्तीवरून केलेले वर्गीकरण अपुरे ठरते. परिसंस्थेचे नियमन कोणाच्या हाती आहे, हा अधिक मूलभूत निकष होय. लोणार नैसर्गिक असूनही मानवी हस्तक्षेपाने आपले वेगळेपण गमावू शकते. नांदूर-मध्यमेश्वर मानवनिर्मित असूनही निसर्गाने समृद्ध झाले आहे. परिणामी दोहोंच्या संवर्धनाची दिशा भिन्न असावयास हवी. लोणारला हस्तक्षेपाचा संयम हवा, तर नांदूर-मध्यमेश्वरला पाणी व गाळ यांचे सातत्यपूर्ण व्यवस्थापन हवे. एकीचा उपाय दुसरीस लावल्यास दोन्हींची हानी संभवते. पर्यावरणशास्त्राच्या अध्यापनात हा निकष समाविष्ट झाल्यास विद्यार्थ्यांना आपल्या परिसरातील तळे वा माळरान अधिक जाणतेपणाने पाहता येईल.