भाकीत आणि पडताळा

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका येथील रँड कॉर्पोरेशनने सात तज्ज्ञांपुढे एक भयंकर प्रश्न ठेवला. सोव्हिएत युद्धनियोजकाच्या नजरेने अमेरिकेकडे पाहा आणि सांगा, इथलं दारूगोळ्याचं उत्पादन ठरावीक प्रमाणात खाली आणायला किती अणुबाँब लागतील? सातांपैकी चार अर्थशास्त्रज्ञ होते. त्यांना एका टेबलाभोवती बसवलं नाही. प्रत्येकाला वेगळी प्रश्नावली गेली आणि कोणता आकडा कोणाचा, हे कोणालाच कळू दिलं नाही. पहिल्या फेरीत एकाचं उत्तर ५० होतं, तर दुसऱ्याचं ५,०००.

मग खरं काम सुरू झालं. हा आकडा कशावरून काढलात, कोणती माहिती मिळाली तर तो बदलाल, असं प्रत्येकाला विचारलं गेलं. एकाने मागितलेली माहिती सगळ्यांना पुरवली गेली. पाच प्रश्नावल्यांनंतर उत्तरं १६७ ते ३६० या पट्ट्यात आली. नॉर्मन डॅल्की आणि ओलाफ हेल्मर यांनी हा प्रयोग १९६३ साली प्रसिद्ध केला आणि डेल्फी पद्धत जगापुढे आली.

नाव गुप्त ठेवण्यातलं शहाणपण आपल्याला समजावून सांगायला नको. बैठकीत ज्येष्ठ माणूस आधी बोलतो आणि बाकीचे त्याची री ओढतात, हे आपण रोज पाहतो. डेल्फीने तो दबाव काढून घेतला आणि कारणं तेवढी मागितली. पण एकमत म्हणजे सत्य नव्हे. १६७ ते ३६० हा पट्टा बरोबर होता की चूक, याचा पडताळा सुदैवाने कधीच झाला नाही.

१९६४मध्ये हेल्मर आणि थिओडोर गॉर्डन यांनी हीच पद्धत दूरच्या भविष्याला लावली. लोकसंख्या, स्वयंचलन, अवकाश, युद्ध अशा विषयांवरच्या त्यांच्या तज्ज्ञांनी चंद्रावर माणूस उतरण्याचा काळ बराच जवळ ओळखला. पण १९८०च्या दशकात चंद्रावर कायमचा तळ असेल, असंही सांगितलं. यंत्र कधी बनवता येईल हे त्यांना कळत होतं. त्यासाठी पैसा कोण आणि कुठवर देत राहील, हे तंत्रज्ञाला कसं कळावं? याच गॉर्डन यांनी पुढे १९९६मध्ये जेरोम ग्लेन यांच्यासह ‘मिलेनियम प्रोजेक्ट’ उभा केला. पाणी, ऊर्जा, लोकशाही, आरोग्य, स्त्रियांची स्थिती अशा १५ जागतिक आव्हानांवर देशोदेशीच्या जाणकारांची मतं गोळा करून तो जगाच्या भवितव्याचा आढावा घेत आला आहे.

दुसरी वाट कलाची. गेल्या काही दशकांची रेघ पुढे ओढायची, आणि ती कुठे वाकेल हे कारणांवरून ठरवायचं. इथे सगळ्यात भरवशाचं खातं लोकसंख्येचं. संयुक्त राष्ट्रांनी १९५८मध्ये सांगितलं होतं की २००० साली जगात सुमारे ६.३ अब्ज माणसं असतील. प्रत्यक्षात ती ६.१ अब्जांच्या आसपास निघाली. चाळीस वर्षं आधीचा अंदाज इतका जवळ येतो याचं कारण साधं आहे. वीस वर्षांनी आई होणाऱ्या मुली आज जन्मलेल्या असतात. त्या मोजता येतात.

पण माणसं मोजता आली म्हणून त्यांचं नशीब सांगता येत नाही. १९६७मध्ये विल्यम आणि पॉल पॅडॉक या भावांनी ‘फॅमिन १९७५!’ हे पुस्तक लिहिलं आणि ज्यांना वाचवणं शक्य नाही अशा देशांत भारताला घातलं. पुढच्याच वर्षी पॉल एर्लिक यांनी ‘द पॉप्युलेशन बाँब’मध्ये १९७०च्या दशकात कोट्यवधी लोक उपाशी मरतील, असं ठासून सांगितलं. १९६५-६६मध्ये भारतात गहू जेमतेम एक कोटी टन पिकला होता आणि अमेरिकेच्या जहाजांवर आपली भिस्त होती. रेघ खरंच तशी दिसत होती. १९६६मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन बुटक्या गव्हाचं बियाणं आलं. १९६७-६८चं पीक दीड कोटी टनांच्या वर गेलं.

आणि मग आपला बहात्तरचा दुष्काळ आला. मराठवाड्यात, नगर-सोलापुरात सलग काही वर्षं पाऊस रुसला होता. पॅडॉक यांच्या हिशेबाप्रमाणे इथे माणसं पटापट मरायला हवी होती. ती खडी फोडायला गेली. १९७३च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती: पाझर तलाव, नाला बंडिंग, रस्ते. कामावर सुकडी मिळत होती, रेशनवर लाल मिलो. त्या पिढीतली माणसं मिलोच्या भाकरीचं नाव काढलं तरी आजही तोंड वाकडं करतात. पण भूकबळींची भाकितातली लाट आली नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकाराला आलेल्या रोजगार हमीचा पुढे कायदा झाला. या बायाबापड्यांची मेहनत आणि काम मागण्याचा त्यांचा हक्क कोणत्याच तज्ज्ञाच्या तक्त्यात नव्हता, ही गोष्ट मला भाकितांच्या साऱ्या इतिहासात सर्वांत मोठी वाटते.

एर्लिक यांच्याशी अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन यांनी १९८०मध्ये पैज लावली: तांबं, क्रोमियम, निकेल, कथील आणि टंगस्टन दहा वर्षांनी महाग होतील की स्वस्त? १९९०मध्ये एर्लिक हरले आणि त्यांनी ५७६.०७ डॉलरचा चेक पाठवला. मात्र दुसरी एखादी दहा वर्षं निवडली असती, तर अनेकदा तेच जिंकले असते. एका पैजेवरून कोण शहाणा, हे ठरत नाही.

त्यासाठी हजारो अंदाज तपासावे लागतात. फिलिप टेटलॉक यांनी तेच केलं. २८४ तज्ज्ञांचे सुमारे २८,००० अंदाज त्यांनी वीसेक वर्षं जपले आणि २००५मध्ये निकाल मांडला. एकाच मोठ्या सिद्धान्तातून सगळं जग पाहणारे तज्ज्ञ सर्वांत जास्त चुकले, आणि प्रसिद्धी मिळालेल्यांची अचूकता बेताचीच निघाली. मोजमाप ग्लेन ब्रायर या हवामानतज्ज्ञाने १९५०मध्ये दिलेलं. पावसाची शक्यता ८० टक्के सांगितली आणि पाऊस पडला, तर दोषांक ०.०४, नाही पडला, तर ०.६४. ‘पडेलही, न पडेलही’ म्हणणाऱ्याला इथे लपायला जागा नाही. २०११पासून अमेरिकी गुप्तचर यंत्रणेच्या स्पर्धेत टेटलॉक यांनी हौशी माणसांचे गट उतरवले. त्यातले उत्तम अंदाजकर्ते नवी बातमी आली की आपला आकडा थोडा थोडा हलवत राहायचे.

आपल्याकडे असा हिशेब झालाच नाही, असं नाही. डॉ. वसंत गोवारीकरांच्या पुढाकाराने १९८८पासून १६ घटकांवर आधारलेलं मॉन्सूनचं प्रारूप वापरात आलं आणि बरीच वर्षं ते उपयोगी पडलं. २००२मध्ये सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा अंदाज होता. पडला ८१ टक्के. हवामान खात्याने ते प्रारूप बाजूला ठेवलं. डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यात फलज्योतिषालाही हीच कसोटी लावली: हुशार आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या, आणि ज्योतिष्यांनी त्या ओळखायच्या. प्रत्येकी ४० कुंडल्या घेतलेल्या २७ ज्योतिष्यांचं सरासरी यश ४६ टक्के निघालं, नाणेफेकीइतकंसुद्धा नाही. २००९मध्ये हे ‘करंट सायन्स’मध्ये छापून आलं. तरी वार्षिक राशिभविष्याची पानं कमी झाली नाहीत, याचं मला मनापासून दुःख आहे.

आज जगापुढे दोन मोठे अंदाज समोरासमोर उभे आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २०२४मध्ये सांगितलं की २०८०च्या दशकाच्या मध्याला लोकसंख्या सुमारे १०.३ अब्जांवर पोचेल आणि मग उतरू लागेल. सिअॅटलच्या आयएचएमई संस्थेने २०२०मध्ये हे शिखर २०६४ सालीच, ९.७ अब्जांवर धरलं होतं. मतभेद मुख्यतः मुलींचं शिक्षण आणि गर्भनिरोधकांची उपलब्धता किती वेगाने वाढेल, यावर आहे. महाराष्ट्रात पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दर स्त्रीमागे मुलांचं प्रमाण १.७ आलं, म्हणजे इथली रेघ कधीच वाकली. निकाल लागेल तो नायजेरिया, काँगो आणि इथिओपियात. तिथल्या किती मुली माध्यमिक शाळा पूर्ण करतात आणि पहिलं मूल कितव्या वर्षी होतं, हे दोन आकडे येत्या दहा वर्षांत दोघांपैकी कोणाच्या बाजूने सरकतात, ते पाहत राहायला हवं.