गुंड्याचा ताप आणि माठाचे तत्त्व

मे महिन्यात नंदुरबारला पारा चाळिशी कधीच ओलांडतो. अशा गावात १६ ते १८ अंशांचे पाणी लागणारा प्राणी पाळणे म्हणजे शुद्ध वेडेपणा. तो माझ्या धाकट्या भावाने केला. सुरतहून त्याने ॲक्झोलॉटल आणला आणि नाव ठेवले गुंड्या.

हा मासा नाही. मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्को कालव्यांतला हा उभयचर. बेडूक मोठा होताना कल्ले टाकून देतो, हा मात्र डोक्यावर पिसांसारखे कल्ले मिरवत जन्मभर पाण्यातच राहतो. पाय तुटला तर पुन्हा उगवतो.

पीएलला घरी गेलो आणि मी शहाणपणा केला. फिल्टरचा स्पंज नळाखाली चकाचक धुतला. दोन-तीन दिवसांत गुंड्याने खाणे सोडले, कल्ले पुढे वळले, त्यांवर कापसासारखी पांढरी बुरशी दिसली. भाऊ माझ्याशी बोलेना. गावातले डॉक्टर गायी-म्हशींचे. ते हसले आणि म्हणाले, "आधी पाणी बघा."

झाले होते असे. विष्ठेतून अमोनिया तयार होतो. स्पंजमधले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. नळाच्या क्लोरिनने मी नेमके तेच मारले. त्यात पाणी ३० अंशांवर. पाणी तापले की अमोनिया जास्त विषारी होतो आणि विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो. म्हणजे दुहेरी मार.

मग उपचार. गुंड्याला वेगळ्या टबात ठेवले. रात्रभर उघडे ठेवून क्लोरिन उडालेले पाणी थंड करून रोज पूर्ण बदलायचे. बुरशीसाठी लिटरला दोन चहाचे चमचे मीठ घालून दहा मिनिटे अंघोळ, दिवसातून दोनदा. जास्त वेळ ठेवले तर कातडीला इजा होते, म्हणून घड्याळ हातात.

गारव्यासाठी थर्मोडायनॅमिक्स कामी आले! एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता जाते. २० लिटरपैकी फक्त २०० मिली उडाले तरी हिशेबाने साडेपाच अंशांहून जास्त उतार मिळतो. आजीचा माठ हेच करतो. आम्ही टबावर टेबल फॅन लावला. पण वेट बल्बच्या खाली पंखा नेऊ शकत नाही, म्हणून फ्रीजरमधल्या बर्फाच्या बाटल्या आळीपाळीने, एकदम न गारठवता.

पाचव्या दिवशी बुरशी गळली. नवव्या दिवशी गुंड्याने गांडूळ गिळले आणि भाऊ माझ्याशी बोलला. झडलेले कल्ले पुढे हळूहळू फुटले.

तुम्हीही पाळा, असे मी मुळीच म्हणणार नाही. आपली हवा त्याची नाही. शिवाय २०२२ च्या वन्यजीव कायदा दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंदणीही करावी लागते. पण आधीच कोणाकडे असेल तर एवढे लक्षात ठेवा: फिल्टरचा स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा. घाण समजून आपण जे धुतो, कधी कधी त्यावरच कुणाचा तरी जीव चाललेला असतो.