गुळाचाच गणपती, गुळाचाच नैवेद्य

गुलमंडी हें नांव ऐकून परगांवच्या वाचकांस फुलांच्या बाजाराची कल्पना यावी. कारण ‘गुल’ म्हणजे फूल आणि ‘मंडी’ म्हणजे बाजार. हल्लीं येथें फुलांपेक्षां कापडचोपडाचाच गलबला अधिक. तथापि सुपारी हनुमानाच्या देवळापासून हांकेच्या अंतरावर असलेल्या आमच्या घरांत गेल्या चातुर्मासांत एक प्रश्न उपस्थित झाला, आणि तो अनेक सुशिक्षित कुटुंबांत आज ना उद्यां उपस्थित होणारच, असें वाटल्यावरून त्याची हकीकत सुज्ञ वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षास आहेत. एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर त्यांनीं सर्वांसमक्ष सांगितलें, “काका, मी कॉलेज सोडतों. मला गाण्यांना चाली लावायच्या आहेत, प्रहसनें लिहावयाचीं आहेत आणि त्यांत कामही करावयाचें आहे.” बंधु संतापून म्हणाले, “एक कांहीं तरी धड कर! लिहिणें, गाणें आणि सोंगें आणणें हीं तिन्ही एका माणसाला साधत नसतात.” त्यावर चिरंजीव हळूच म्हणाले, “मग पु. लं.ना कशीं साधलीं?”

सर्वांच्या दृष्टि आमच्याकडे वळल्या. शाळेंत अनेक वर्षें आम्हीं मराठी व संस्कृत शिकविलें. तेव्हां उत्तर आम्हींच द्यावें, हें ओघानेंच आलें. आम्हीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि त्या आठ दिवसांत पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचें चरित्र पुन्हां एकवार नीट न्याहाळलें.

त्यांचा जन्म मुंबईस ८ नोव्हेंबर १९१९ रोजीं झाला. लहानपणापासून हाताशीं पेटी होती. पण पुस्तकही होतें. कायद्याची पदवी त्यांनीं घेतली, एम्. ए. ही झाले, मुंबईच्या ओरिएंट हायस्कुलांत शिक्षकाचें काम केलें, आणि पुढें बेळगांवच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयांत अध्यापनही केलें. १९४७ सालीं ‘कुबेर’ चित्रपटापासून त्यांचा रुपेरी पडद्याशीं संबंध आला. त्यानंतरच्या सहा-सात वर्षांत त्यांनीं कोठें अभिनय, कोठें कथा-संवाद, तर कोठें संगीत अशीं नाना कामें केलीं. १९५३ सालच्या ‘देवबाप्पा’ या चित्रपटांतील मोराच्या नाचाचें गाणें आज ज्यांच्या नातवंडांच्याही तोंडीं आहे, त्यांपैकीं कित्येकांस त्याची चाल पु. लं.ची आहे, हें ठाऊकही नसेल.

त्याच १९५३ सालीं ‘गुळाचा गणपती’ हा त्यांचा विनोदी चित्रपट प्रकाशित झाला. कथा त्यांची, पटकथा-संवाद त्यांचे, दिग्दर्शन त्यांचें, संगीत त्यांचें आणि भोळ्याभाबड्या नायकाची भूमिकाही त्यांचीच! लोकांनीं त्यास ‘सबकुछ पु. ल.’ असें नांव दिलें. गीतें मात्र ग. दि. माडगूळकरांचीं. इंद्रायणीच्या कांठच्या आळंदीचें जें गीत भीमसेन जोशी यांनीं या चित्रपटाकरितां गाइलें, तें ऐकून पुष्कळांस तो एखाद्या संताचाच अभंग वाटतो. ज्यांना पुढें २००८ सालीं भारतरत्न हा किताब जाहीर झाला, ते भीमसेन त्या वेळीं अवघे एकतीस वर्षांचे होते, हें ध्यानांत घ्यावें. हांसविणाऱ्या चित्रपटांत असें डोळे मिटावयास लावणारें गाणें घालणें, ही संगीतकाराची आणि विनोदकाराची एकाच मनांतील जुळणी होय.

रविवारीं दुपारीं आम्हीं सर्व मंडळींनीं माजघरांत बसून हा चित्रपट पाहिला. बंधु मुद्दाम दाराशीं बसले होते. आवडला नाहीं तर उठून जातां यावें म्हणून! ते उठले नाहींत. आमच्या मातोश्री तर मधून मधून हांसत होत्या. खरें सांगावयाचें तर चित्रपट निर्दोष नाहीं. कथानक कोठें कोठें सैल आहे, आणि पु. लं.ची जी प्रौढ लेखणी पुढें ‘तुझे आहे तुजपाशी’ या १९५७ च्या नाटकांत दिसते, तिचा येथें नुसता अंकुर आहे. परंतु नायकाच्या बावळेपणास हांसतांना आपण त्याचा तिरस्कार करीत नाहीं, उलट आपलाच भोळेपणा आठवून किंचित् ओशाळतों. हा गुण शिकवून येत नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. आपल्याकडे ‘गुळाचा गणपती, गुळाचाच नैवेद्य’ अशी एक म्हण आहे. ज्या गुळाची मूर्ति, त्याच मूर्तीचा खडा तोडून तिलाच दाखवावयाचा! एकट्यानें सारें करण्यांतील मौज आणि धोका या म्हणींत एकत्र आला आहे. ज्यास बाहेरून कांहीं आणावें लागत नाहीं, तो स्वतंत्र खरा. परंतु प्रत्येक नैवेद्याबरोबर मूर्ति झिजत जाते, हेंही तितकेंच खरें.

जगांत असे थोडे लोक झाले. लंडनच्या दारिद्र्यांतून वर आलेले चार्ली चॅप्लिन लिहीत, दिग्दर्शन करीत, अभिनय करीत आणि संगीतही रचीत. त्यांच्या १९५२ सालच्या ‘लाइमलाइट’ चित्रपटाच्या संगीतास १९७३ सालीं ऑस्कर पारितोषिक मिळालें, आणि त्यांत त्यांच्याबरोबर दोन सहकाऱ्यांचीं नांवें होतीं. मात्र चॅप्लिन यांच्यापाशीं स्वतःचा स्टुडिओ होता. मराठी चित्रपटांतील कलावंताच्या नशिबीं बहुधा दुसऱ्याचें भांडवल आणि दुसऱ्याचा हिशेब येई. पु. ल. चित्रपटांत रमले नाहींत. १९५५ सालीं ते आकाशवाणींत गेले, आणि १९५९ सालीं दिल्लीस दूरदर्शनचा आरंभ झाला, तेव्हां त्या नव्या माध्यमाच्या पहिल्या निर्मात्यांतही त्यांची गणना झाली. पुढें १९६१ सालीं ‘बटाट्याची चाळ’ घेऊन ते एकटेच रंगभूमीवर उभे राहिले. तेथें ना सेट, ना सहनट, ना भांडवलवाला; एक माणूस आणि समोर श्रोतृवृंद! नैवेद्य तोच राहिला, पण देव्हारा त्यांनीं स्वतःच निवडला.

आमच्या नगरासही हा वारसा लाभला आहे. येथील विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागांत शिकविणारे लक्ष्मण देशपांडे यांनीं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग लिहिला आणि एकट्यानें ५२ पात्रें उभीं केलीं. मराठवाड्याच्या खेड्यांतील माणसें विमानांत बसवून त्यांनीं लंडनास नेलीं, आणि त्या बोलीस कधीं खालीं मान घालावी लागली नाहीं. २००९ सालीं ते निवर्तले. तेही अध्यापक होते, हें आम्हीं चिरंजीवांस मुद्दाम सांगितलें.

येथें एक कबुली देणें प्राप्त आहे. सतरा वर्षांचे असतां आम्हांस एका कीर्तनकारबुवांनीं पेटीच्या साथीस बोलाविलें होतें. वडिलांनीं पेटी माळ्यावर टाकली आणि शाळेंतील नोकरीचा अर्ज पुढें केला. आम्हीं सही केली. त्याबद्दल वडिलांस दोष द्यावा असें आम्हांस कधीं वाटलें नाहीं. घरांत सात माणसें खाणारीं होतीं. परंतु माळ्याकडे पाहिल्यावांचून मात्र एकही दिवाळी गेली नाहीं. आठ दिवस आम्ही जें उत्तर शोधीत होतों, त्यांत शहाणपण किती आणि जुनी भीति किती, हें आमचें आम्हांसच निवडतां येईना.

नवव्या दिवशीं आम्हीं निकाल सांगितला. पु. लं.नीं पेटी सोडली नाहीं आणि पुस्तकही सोडलें नाहीं. पदवी हातीं होती म्हणून चित्रपट सोडण्याचें बळ त्यांस आलें, असें आम्हांस वाटतें. ज्यास दुसरा मार्गच नाहीं, त्यास भांडवलवाल्यापुढें मान तुकवावी लागते. तेव्हां चिरंजीवांनीं राहिलेलें शिक्षण पुरें करावें. माळ्यावरची पेटी खालीं काढून दुरुस्त करून घ्यावी. आणि दर पौर्णिमेस घरांतच एक प्रहसन करून दाखवावें. बंधूंनीं पुढच्या रांगेंत बसावें आणि मध्येंच उठूं नये.

चिरंजीव कांहीं वेळ गप्प राहिले. मग त्यांनीं विचारलें, “आणि पदवीनंतर?”

हा प्रश्न आम्हांस नव्हता. बंधु बराच वेळ सुपारी कातरीत बसले. अखेर मान वर न करितां म्हणाले, “पदवीनंतर मी तुला अडविणार नाहीं. पण पैसे कमी पडले तर मला सांगावयास लाजूं नकोस.”

वहिनी डोळ्यांस पदर लावून आंत गेल्या. दुसऱ्या दिवशीं पेटी खालीं आली. भाता फाटला होता, दोन स्वर मुके झाले होते. पण बाकीचे वाजत होते. कोजागिरीस पहिला प्रयोग झाला. प्रहसन बेताचेंच होतें, चाल मात्र बरी होती. साथीस कोण बसलें होतें, तें वाचकांनीं ओळखलेंच असेल.