एका वचनाचे दोन दिवे

शुक्रवारी सूर्य मावळला की ज्यूंचा शब्बाथ लागतो. अकराव्या शतकात कैरोलगतच्या फुस्तात शहरात त्या संध्याकाळी काही ज्यू घरांत दिवे तेवत, तर काही घरांत मिट्ट काळोख असे. आधार मात्र दोन्ही घरांचा एकच, ज्यूंच्या ‘तोरा’ या धर्मग्रंथातल्या ‘निर्गम’ ग्रंथाच्या 35 व्या अध्यायातलं तिसरं वचन. शब्बाथला घरात अग्नी पेटवू नये, हा त्याचा आशय.

रब्बी, म्हणजे ज्यू धर्मपंडित म्हणत, मनाई पेटवण्याच्या कृतीला आहे. दिवा सूर्यास्तापूर्वीच लावला आणि मग तो आपोआप जळत राहिला, तर नियम मोडत नाही. हा खुलासा वचनात नाही. तो तोंडी परंपरेतला. ही परंपरा इ. स. 200 च्या सुमारास ‘मिश्ना’त संकलित झाली. शब्बाथच्या दिव्याला काय चालतं, काय नाही, यावर तिथे अख्खा अध्याय आहे. रेशमाची वात त्यात बाद ठरते.

अंधारात बसणाऱ्या कराइट या ज्यू पंथाला तोंडी परंपरेचा हा अधिकारच मान्य नव्हता. आठव्या शतकातल्या अनान बेन दाविदने अक्षरावर बोट ठेवलं. कामाची मनाई आणि अग्नीची मनाई, दोन्हींची हिब्रू क्रियापदं ‘ताव’ या अक्षराने सुरू होतात. म्हणून नियमही एकच. हातातलं काम शब्बाथ लागताच थांबवायचं, तसा आधी लावलेला दिवाही विझवायचा.

रब्बीपंथी विद्वान सादिया गाओनने (882–942) अनानच्या खंडनासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पण अनानचं म्हणणं कराइटांनाही शिरोधार्य नव्हतं. किर्किसानी या कराइट विद्वानाने 937 च्या सुमारास लिहिलेल्या अरबी ग्रंथात त्याच्या मतांची चिकित्सा केली. वचन प्रत्येकाने स्वतः तपासावं, हाच तर पंथाचा बाणा.

ग्रंथांत वाद पेटलेला असताना सोयरिकी मात्र होत होत्या. फुस्तातमधल्या 1082 च्या एका विवाहकरारात रब्बीपंथी नवरा कराइट बायकोला लिहून देतो की, शब्बाथला दिव्याजवळ बसण्याची सक्ती तिच्यावर करणार नाही.

पुढे पंधराव्या शतकात तुर्की मुलखातल्या बश्याची घराण्याच्या कराइट विद्वानांनी तेच वचन पुन्हा तपासलं आणि आधी लावलेला दिवा चालेल असा निर्वाळा दिला. सगळ्यांना तो पटला नाही. काही कराइट घरांत शुक्रवारची रात्र अंधारीच राहिली.